उभट ठिपका

जुन्या काळचा टीव्ही बंद केला की चित्र आक्रसत आक्रसत मधोमध जमा व्हायचं, त्याचा एक पांढरा ठिपका व्हायचा, तो थोडा वेळ टिकायचा आणि मग विझायचा. शेजाऱ्यांकडे सिनेमा बघायला जमलेली मंडळी सिनेमा संपला की दाराशी आपापल्या चपला शोधायला लागायची. एक मुलगी मात्र पडद्याला नाक लावून बसलेली असायची. ठिपका पुरता विझेपर्यंत ती जागची हलायची नाही.

"अगं, संपला सिनेमा. घरी जा आता," शेजारीण म्हणायची.

"सिनेमा संपला, पण हा कुठे संपलाय?" ती म्हणायची.

तो ठिपका येतो कुठून, हे तिला कुणी धड सांगितलं नाही. वडिलांनी 'विजेचं काहीतरी असतं' म्हणून वेळ मारून नेली. शाळेतले मास्तर म्हणाले, ते पुढच्या इयत्तेत आहे. पुढच्या इयत्तेत ते नव्हतंच, आणि विचारायला जावं तर मास्तरांची बदली झालेली. मग ती आपली शिकत गेली, शिकत गेली, आणि जिथे तो ठिपका घडवतात त्याच कारखान्यात जाऊन थडकली. लोक पोटासाठी इंजिनियर होतात. ही बाई ठिपक्यापायी झाली.

कारखाना चित्रनळ्यांचा. पुढे रुंद पडदा आणि मागे निमुळती मान, अशी काचेची मोठी नळी; त्या मानेत बसते ती इलेक्ट्रॉन गन. नाव बंदुकीचं असलं तरी चीज बोटाएवढी. धातूच्या चिमुकल्या वाट्या एकीपुढे एक मांडलेल्या, आणि प्रत्येकीच्या तळाला मधोमध एक बारीक भोक. सगळ्यांत मागे एक टोपी असते. ती तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. पुढच्या प्रत्येक वाटीला वेगळं व्होल्टेज दिलेलं असतं, त्यामुळे एक वाटी त्यांना आवरते, दुसरी पुढे ओढते, तिसरी चारी बाजूंनी दाबून एकत्र आणते. या सगळ्या ओढाताणीतून सुटून ते पडद्यावर आपटतात आणि तिथे उजेडाचा ठिपका पडतो. हा ठिपका बारीक हवा आणि गोल हवा. तो इकडेतिकडे फेंगडला, की पडद्यावरची अक्षरं आणि माणसांचे चेहरेही फेंगडले.

कुठल्या वाटीचं भोक केवढं, दोन वाट्यांत अंतर किती, कुणाला किती व्होल्टेज, हे ठरवायचं काम बाईंचं होतं. कारखान्यात त्यांना तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे ठिपकेबाई. बाईंना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मॅडमपेक्षा ठिपकेबाईच जास्त आवडायचं.

बाईंनी आराखडा काढला, पण गन काही कागदावर होत नाही. ती हाताने जुळवायची, आणि ते हात बेबीताईचे. बेबी म्हणजे बाईंची नणंद. खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. पन्नाशी उलटली तरी घरात ती बेबी आणि कारखान्यात बेबीताई. बाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा बेबी शिवणाचा क्लास अर्ध्यावर सोडून बसली होती. पुढे लग्न तिने केलं नाही, आणि का नाही असं विचारणाऱ्यांना ती 'सवड झाली नाही' म्हणायची. बाईंनीच शब्द टाकून तिला कारखान्यात चिकटवली. वशिल्याची म्हणून लोकांनी नाकं मुरडली. पण वर्षभरात अवघड गन आली की जो तो 'बेबीताईकडे द्या' म्हणायला लागला, आणि नाकं आपोआप सरळ झाली.

काम तसं सांगायला सोपं आहे. एका सळईवर सगळ्या वाट्या ओवायच्या. त्यांच्यामध्ये अंतर राखायला पातळ चकत्या सरकवायच्या. मग काचेच्या दोन कांड्या ज्योतीवर मऊ करायच्या आणि दोन्हीकडून दाबायच्या, म्हणजे वाट्यांच्या कडेला काढलेले कान त्या काचेत रुतून बसतात. काच निवली की चकत्या काढायच्या आणि सळई ओढून घ्यायची. निवायच्या आत ओढली, तर वाट्या केसभर कलतात. तो केसभर कल पडद्यावर पोचेपर्यंत चांगला दिसण्याइतका मोठा होतो.

दोघी सकाळी एकाच बसने कामावर जायच्या आणि एकाच बसने परत यायच्या. घरी बाईंचे यजमान चहा टाकून बसलेले असायचे. ते शाळेत भूगोल शिकवायचे. बायको आणि बहीण, दोघी जेवताना वाट्या आणि भोकं यांच्यावर वाद घालायच्या, आणि ते बिचारे पुढ्यातल्या वाटीकडे बघत बसायचे.

आता मुद्द्यावर येऊ. दवाखान्यांसाठी एक नवा पडदा काढायचं ठरलं. त्यावर अक्षरं बारीक, रेघा बारीक, म्हणून ठिपकाही नेहमीपेक्षा बारीक हवा. बाईंनी नवी गन आखली. गेली कित्येक वर्षं त्यांच्या डोक्यात ती घोळत होतीच. बेबीने पहिले नमुने जुळवले, ते नळ्यांत बसले, नळ्यांतली हवा काढून झाली, आणि पहिली नळी तपासणीच्या खोलीत घोडीवर, म्हणजे नळी धरून ठेवणाऱ्या चौकटीवर, चढली.

तिथली पद्धत अशी. ठिपक्याची आडवी रुंदी मोजायला यंत्र होतं. उभी मोजायची सोय त्या यंत्रात नव्हती. ती सोय म्हणजे बाईंचा उजवा डोळा. बाई चष्मा डोक्यावर सारायच्या, डावा डोळा गच्च मिटायच्या, भिंगाला उजवा लावायच्या आणि निकाल द्यायच्या. आजवर त्या निकालावर कुणी अपील केलं नव्हतं.

बाईंनी डोळा लावला. बराच वेळ लावला.

"उभट आहे," त्या म्हणाल्या.

ठिपका खरंच उभट दिसत होता. तांदळाचा दाणा उभा धरावा तसा. त्यांनी आपल्या साहाय्यकाला बोलावलं. हा नुकताच लागलेला, हुशार आणि फार सभ्य माणूस होता.

"हो मॅडम, उभट आहे," तो बघून म्हणाला.

तपासणीचा मिशीवाला तिथे जन्म काढलेला. त्यानेही डोळा लावला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आहे खरा. थोडासा."

ठिपका उभट निघाला की आधी जुळणी बघायची, हा तिथला रिवाज होता. शंभरातल्या नव्याण्णव वेळा दोष तिथेच सापडायचा. बाईंनी दुसरा नमुना बघितला. उभट. तिसरा बघितला, तोही उभट. त्यांनी बेबीला बोलावून घेतलं.

"बघ बरं, बेबी."

बेबी भिंगाशी वाकली. तिने बघितलं. मान वर करून वहिनींकडे बघितलं. पुन्हा भिंगात बघितलं.

"दिसतंय ना? सगळे तसेच आलेत," बाई म्हणाल्या. "हात थरथरतो का गं तुझा हल्ली?"

बाईंनी हे सहज विचारलं होतं. घरात 'मीठ जास्त झालंय का गं' विचारावं, तसं. बेबीने आपल्या हातांकडे बघितलं आणि ते पदराखाली घेतले.

"असेल, वहिनी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून नव्या गनची जुळणी दुसऱ्या एका बाईकडे गेली. बेबीला काही दिवसांसाठी काचा धुवायच्या विभागात बसवलं. 'काही दिवसांसाठी' हे बाईंचे शब्द. त्या ते म्हणाल्या आणि विसरल्या.

विसरल्या, कारण गंमतच तशी झाली. नव्या हातची गन आली, नळी घोडीवर चढली, आणि ठिपका पुन्हा उभट! तिसरीच्या हातची आणली. उभट. बाईंच्या डोक्यात भुंगा शिरला. आता जेवणात लक्ष नाही, बसमध्ये लक्ष नाही. चुकीच्या थांब्यावर उतरून पुन्हा चालत आल्या. पण चेहरा असा खुललेला, की यजमानांना वाटलं बढती मिळाली.

"काही कळत नाहीये हो!" त्या आनंदाने म्हणाल्या.

"मग बेबीला परत जागेवर बसव की," यजमान म्हणाले. "जेवणात लक्ष नसतं तिचं. बोलतही नाही."

"बसवू हो. आधी कारण तर सापडू दे."

बाईंचा स्वभाव वाईट नव्हता, हे इथेच सांगून टाकतो. पण कोड्यात शिरल्या की त्यांना आजूबाजूची माणसं दिसेनाशी व्हायची. हा त्यांचा दोष होता. तो त्यांना कुणी कधी दाखवला नाही, कारण कोडं सुटलं की सगळ्यांचाच फायदा व्हायचा.

आता जुळणीत दोष नाही, तर आराखड्यात असेल. बाईंनी दुसऱ्या वाटीच्या गोल भोकाच्या जागी अंडाकृती भोक काढलं, म्हणजे उभा ताण आडव्याने कापला जाईल. त्याचा साचा करायला टाकायच्या आधी मनात आलं, एक सोपा प्रयोग तर राहिलाच. नळीच कुशीवर वळवून बघू. दोष गनमध्ये असेल तर नळीबरोबर ठिपकाही आडवा होईल.

मिशीवाल्याने कुरकुरत नळी कुशीवर वळवली. बाईंनी डोळा लावला. नळी आडवी, गन आडवी, आणि ठिपका मात्र हट्टाने उभाच.

म्हणजे दोष गनमध्ये नव्हता. आराखड्यात नव्हता, जुळणीत नव्हता, कुणाच्या हातात नव्हता. दुसरं कुणी असतं तर या क्षणी काचा धुवायच्या विभागाकडे धावत सुटलं असतं. बाईही धावल्या. पण त्या धावल्या कोठाराकडे, होकायंत्र आणायला.

कारण इलेक्ट्रॉनांना बाहेरून वळवणारं एकच भूत त्यांना माहीत होतं, चुंबकत्व. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि बाईंना ते शोधायचं होतं. होकायंत्र हातात धरून त्या खोलीभर फिरल्या. टेबल लोखंडी होतं, ते काढून लाकडी आणवलं. ठिपका उभाच. भिंतीपलीकडे लिफ्टची मोटार होती, ती बंद करवली. मोठे साहेब पायी चार जिने चढून आले आणि दाराशी धापा टाकत उभे राहिले. ठिपका उभाच. पाण्याचा पंप बंद करवला. उपाहारगृहातला नळ गेला, लोकांचा चहा बुडाला, आणि ठिपकेबाईंना पाठीमागे जी आणखी नावं पडली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. शेवटी त्यांनी सगळं बिऱ्हाडच उचललं, घोडी, नळी, भिंग, तारा, आणि ते अंगणापलीकडच्या रिकाम्या पत्र्याच्या खोलीत नेऊन मांडलं. साहाय्यक एका बाजूला आणि बाई दुसऱ्या बाजूला. मिशीवाला मध्ये उभा राहून 'जपून, जपून' म्हणत होता, तेवढीच त्याची मदत.

तिथेही ठिपका उभाच. मिशीवाल्याने हात टेकले. बाईंनी नाही टेकले, त्यांना मजा येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई उठल्या त्या मान अवघडून. आदल्या दिवशी ओझं उचललं होतं, त्याचा हिशोब मानेने चुकता केला. डोकं एका खांद्याकडे कललेलं, सरळ करायला जावं तर जीव जात होता. तशाच त्या कारखान्यात गेल्या, तशाच पत्र्याच्या खोलीत शिरल्या, चष्मा वर सारला आणि तशाच कलत्या मानेने भिंगाला डोळा लावला.

ठिपका तिरपा होता.

बाईंनी दातओठ खाऊन मान सरळ केली. ठिपका सरळ झाला. मान पुन्हा कलती केली. ठिपकाही कलला. दुसऱ्या बाजूला मान जातच नव्हती, म्हणून त्या अख्ख्याच वाकल्या, आणि ठिपका त्यांच्याबरोबर वाकला. मिशीवाला दारात येऊन उभा होता. मॅडम भिंगाला लटकून डुलताहेत हे बघून त्याने साहाय्यकाला हाक मारली.

मग बाईंनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. उजवा डोळा मिटला आणि भिंगाला डावा लावला.

गोल. स्वच्छ, बारीक, काठ नीट असलेला, नवाकोरा गोल ठिपका.

"अय्या!" बाई ओरडल्या. "अहो, हा तर मीच आहे!"

आणि त्या हसायला लागल्या. मान दुखत होती तरी हसत होत्या. गन आडवी केली, लिफ्ट बंद केली, साऱ्या कारखान्याचा चहा बुडवला, आणि चोर त्यांच्याच चेहऱ्यावर बसलेला! उजव्या डोळ्याची पुढची काच एका बाजूने जास्त बाकली असणार. चष्मा काढून बघायची सवय, त्यामुळे भिंगाने जवळ-लांबचा फरक भरून निघायचा, पण हा बाक कसा निघणार? जुन्या जाड ठिपक्यांत तो लपून जायचा, हा बारीक ठिपका आला आणि उघडा पडला. किती सुंदर, किती साधं! बाईंना खरोखर आनंद झाला होता, आणि तो मी त्यांच्याकडून काढून घेणार नाही. इतका छडा लावल्यावर कुणालाही झाला असता.

साहाय्यक आला होता. बाईंनी त्याला भिंगाशी ढकललं.

"कसा दिसतो तुला? खरं सांग."

"तुम्हाला दिसतो तसाच, मॅडम."

"अरे, मला कसा दिसतो ते तुला काय ठाऊक?"

त्याने पुन्हा भिंगाला डोळा लावला. चांगल्या घरच्या माणसाने कात्रीत सापडल्यावर लावावा तसा.

"गोल," तो शेवटी म्हणाला.

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशीही... गोलच. पण तुम्ही उभट म्हणालात. मला वाटलं, मला बघता येत नाही अजून. मग नीट बघितल्यावर थोडा उभट दिसायलाही लागला होता."

"मी थोडासाच म्हणालो होतो," मिशीवाल्याने घाईघाईने आठवण करून दिली.

बाई पुन्हा हसणार होत्या. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्यांना बेबी आठवली. दोन माणसांनी त्या भिंगात बघून त्यांची री ओढली होती, आणि तिसरी ठिपक्याबद्दल काहीच बोलली नव्हती.

काचा धुवायच्या विभागात सगळीकडे वाफ आणि पाण्याचा आवाज होता. बेबी कोपरापर्यंत रबरी मोजे घालून नळ्यांच्या माना विसळत होती. बाईंनी तिला सगळं एका दमात सांगितलं. मान, भिंग, डावा डोळा, सगळं. बेबीने नळ बंद केला नाही.

"म्हणजे गोल होता," ती म्हणाली.

"पहिल्यापासून गोल होता. तुझे सगळे नमुने उत्तम होते, बेबी. तुला कसा दिसला होता त्या दिवशी?"

"गोल."

"मग बोलली का नाहीस? घरात माझ्याशी मिठावरून भांडतेस, आणि इथे गप्प?"

"तुम्ही उभट म्हणालात, वहिनी. तुमचा डोळा कधी चुकत नाही. मग चूक कुणाची? मला वाटलं, हात तर गेलेच, आता डोळेही गेले."

तिने मोजे काढले. हे ती फार सावकाश बोलत होती आणि तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"घरी गरम भांडं उतरवायला मी दादाला हाक मारते, तुमच्या लक्षात आलं का? सुई हातात धरत नाही. रस्ता तुमच्या मागून ओलांडते. म्हटलं, दिसतंय ते खरं कशावरून?"

बाईंच्या लक्षात आलं नव्हतं. रोज शेजारी बसून बसने येत होत्या, आणि लक्षात आलं नव्हतं.

"आणि हे बघा," बेबी म्हणाली. तिने दोन्ही हात पुढे धरले. बोटं थरथरत होती. "पूर्वी नव्हती थरथरत. तुम्ही विचारलंत, त्यानंतर सुरू झालं."

बाईंनी ते हात धरले. ओले होते, थंडगार होते.

"माझं चुकलं, बेबी," त्या म्हणाल्या. "उद्यापासून तू आपल्या जागेवर बस."

"नको," बेबी म्हणाली. तिने हात सोडवून घेतले आणि पुन्हा मोजे चढवले. "पाणी फुकट चाललंय."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाईंचा उजवा डोळा तपासला आणि इतका वाकडा नंबर असून तुम्ही इतके दिवस काय करत होतात, असं विचारलं. बाई म्हणाल्या, इलेक्ट्रॉनांना दोष देत होते. नवा चष्मा आला. बाईंनी अंडाकृती भोकाचा कागद फाडला, मोठ्या साहेबांना जाऊन सगळं खरं सांगितलं, जिन्यांबद्दल माफी मागितली, आणि तपासणीच्या खोलीत नवा नियम केला. यापुढे प्रत्येकाने आधी आपलं आपण बघायचं आणि आपलं आपण सांगायचं. मॅडम सगळ्यांत शेवटी. नियम चांगला होता. पण साहाय्यक बघायच्या आधी अजूनही बाईंच्या चेहऱ्याकडे चोरून बघायचा, त्याला नियमाचा इलाज नव्हता.

बेबी मात्र काचाच धूत राहिली. बाईंनी घरी विषय काढला की ती उठून जायची. यजमानांनी बहिणीला समजावलं, बायकोला समजावलं, आणि दोघींनीही त्यांना 'तुम्ही यात पडू नका' म्हणून गप्प बसवलं. दवाखान्याच्या गनचे पुढचे नमुने जुळणीतल्या दुसऱ्या बायकांनी जुळवले आणि ते ठीकही निघाले. कारखान्याचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते घरात. जेवताना वाट्या आणि भोकं यांच्यावर वाद होईनात. यजमान इतकी वर्षं ज्या शांततेसाठी आसुसले होते, ती मिळाली आणि त्यांना घास गिळेना.

एका सकाळी बसची वाट बघताना बेबी समोर बघत म्हणाली, "आज एक गन करून बघते. एकच. ती बिघडली तर मी कायमची काचांकडे. मग तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

"नाही बोलणार," बाई म्हणाल्या.

बेबी त्या दिवशी आपल्या जागेवर बसली. बाई तिकडे फिरकल्या नाहीत. फिरकायचं नाही म्हणून त्यांनी जुने आराखडे उपसले आणि त्यांतला एकही धड वाचला नाही. गन झाली, नळीत बसली, हवा काढून झाली. पुढचा सगळा दिवस नळी तयार होण्यात गेला, आणि त्यानंतरच्या सकाळी ती घोडीवर चढली. खोलीत साहाय्यक होता, मिशीवाला होता, आणि दाराशी हात पाठीमागे बांधून बेबी.

बाईंनी आपलाच नियम मोडला. त्या सगळ्यांत आधी भिंगाशी गेल्या. नवा चष्मा डोळ्यांवर होता. उजव्याने बघितलं, मग डाव्याने बघितलं. आता चुकायला जागाच नव्हती.

ठिपका उभट होता. फार नाही, पण होता. वाट्या केसभर कलल्या होत्या.

बाई भिंगाशी वाकलेल्याच राहिल्या. आयुष्यभर त्यांनी ठिपक्याबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. नवऱ्याला साडीची किंमत खोटी सांगितली असेल, पाहुण्यांना तब्येतीची सबब सांगितली असेल, पण ठिपक्याबद्दल कधीच नाही. आत्ता मागे दाराशी बेबी उभी होती. खरं बोललं तर ती आत्ताच्या आत्ता काचांकडे जाईल, परत कधी येणार नाही, आणि ते आपल्या एका वाक्याने सुरू झालेलं असेल. बाईंना मनापासून वाटलं, घालावा तो ठिपका चुलीत.

त्या सरळ उभ्या राहिल्या. "गोल आहे," त्या म्हणाल्या. "छान गोल आहे."

"हो मॅडम, छान—" साहाय्यक म्हणाला. त्याने अजून भिंगाला डोळाही लावला नव्हता.

"थांबा," बेबी म्हणाली.

ती पुढे आली. भिंगाशी वाकली. बराच वेळ बघत राहिली. एकदा डोळा बाजूला घेतला, पुसला, पुन्हा लावला.

"नाही, वहिनी," ती म्हणाली. "उभट आहे."

"अगं, मला तर चांगला गोल—"

"तुम्हालाही उभटच दिसतोय. चष्मा नवा आहे तुमचा."

त्या खोलीत बाईंना असं तोंडावर 'नाही' कुणी कधी म्हटलं नव्हतं. चोरी पकडली गेली होती, चार माणसांत पकडली गेली होती, आणि त्यांना इतका आनंद झाला होता की डोळे भरून आले.

"सळई लवकर ओढली मी," बेबी म्हणाली. ती आता बाईंशी बोलत नव्हती, त्या ठिपक्याशीच बोलत होती. "काच निवू द्यायला हवी होती. घाबरले, नि ओढली." तिने भिंग बाजूला सारलं. "दुसरी करते."

"आणि काचा?" बाईंनी विचारलं.

"धुतील कुणीतरी."

ती दारातून बाहेर पडली आणि जुळणीच्या खोलीकडे वळली.

"मॅडम, मग नोंदीत काय लिहू?" साहाय्यकाने विचारलं. "गोल, की उभट?"

"तुझ्या डोळ्यांना काय दिसतं ते लिही," बाई म्हणाल्या, आणि त्या बेबीच्या मागोमाग गेल्या.

बेबीने ज्योत पेटवली होती. सळईवर ती पहिली वाटी ओवत होती. हात अजून थरथरत होते. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्याचं तिने बघितलं, पण या वेळी तिने ते पदराखाली घेतले नाहीत.